कुशीवर वळा

माणसाला होणाऱ्या बहुतेक विकारांना समाजात काही ना काही प्रतिष्ठा असते. दम्याचा रोगी दिसला की लोक त्याला खुर्ची पुढे करतात. मधुमेह्याच्या पानात जिलेबी वाढताना यजमानीण हात आखडता घेते, पण त्याबरोबर सहानुभूतीचे दोन शब्दही वाढते. रक्तदाबाच्या माणसाशी तर घरची मंडळी भांडणसुद्धा जपून करतात. घोरणाऱ्याच्या वाट्याला मात्र आजवर हसण्यावाचून दुसरे काहीच आलेले नाही. लग्नघरी रात्री एकाने घोरण्याचा सूर लावला की सकाळी साऱ्या वऱ्हाडाला चेष्टेला विषय मिळतो. प्रहसनकारांना तर घोरणारा म्हणजे हुकमी हशा. रामकथेतल्या कुंभकर्णाचे शौर्य कोणाच्या ध्यानात राहिले नाही; राहिली ती त्याची झोप. आणि गंमत अशी की, ज्याच्यावर हे सारे हसतात त्याला स्वतःला त्या विनोदाचा एक शब्दही ऐकू आलेला नसतो!

मीही या हसणाऱ्यांपैकीच एक होतो, आणि ज्यांना मी सर्वांत अधिक हसलो ते माझे वडील होते.

आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. अण्णा एका सरकारी कचेरीत कारकून होते. अंगाने आडवे, मान आखूड, हनुवटी किंचित आत गेलेली. दिवसा त्यांच्या तोंडून कधी मोठा शब्द निघत नसे; पण रात्री दिवा मालवून घटकाभर झाली की याच सौम्य माणसाच्या घशातून असा काही गजर सुरू होई की वाड्यातले शेजारचे बिऱ्हाडकरू भिंतीवर थाप मारीत. आम्ही भावंडे पांघरूण तोंडावर ओढून हसत असू. आवाज चढत चढत टिपेला पोहोचे आणि एकाएकी थांबे. सारे घर निःशब्द होई. 'गाडी बोगद्यात शिरली,' असे ताई कुजबुजे, आणि गाडी बाहेर पडण्याची आम्ही वाट पाहत राहू. मग घशात अडकलेले काहीतरी सुटल्यासारखा मोठा फुत्कार होई, अण्णांचे अंग हिसका बसल्यासारखे हले, आणि गाडी बोगद्यातून बाहेर येऊन पुन्हा धडधडू लागे. आमच्या बालपणातला तो एक बिनखर्चाचा खेळच होता म्हणा ना!

दिवसा अण्णा पेंगत. वर्तमानपत्र वाचताना पेंगत, सत्यनारायणाच्या कथेत पेंगत, एकदा तर आमटीच्या वाटीत बोटे तशीच ठेवून पेंगलेले मी पाहिले आहेत. कचेरीत फायलीवर मान टाकून झोपलेले ते साहेबांना दोनदा सापडले, आणि त्यांच्या गोपनीय अहवालात 'आळशी' असा शेरा पडला. त्या एका शब्दाने त्यांची बढती गेली ती गेलीच. वास्तविक हा माणूस पहाटे पाचाला उठून विहिरीचे पाणी भरी, घरच्या देवांची पूजा करी आणि दोन मैल चालत कचेरीत जाई. आळशी माणसाची दिनचर्या अशी नसते हे कोणाच्याही ध्यानात यायला हवे होते. पण साहेबांच्या आले नाही, आणि खरे सांगायचे तर आमच्याही आले नाही.

हसत नव्हती ती एकटी आई. बोगदा लांबला की अंधारात तिच्या बांगड्यांचा आवाज होई आणि ती हलक्या स्वरात म्हणे, "अहो, कुशीवर वळा." अण्णा झोपेतच आज्ञाधारकपणे कुशीवर वळत. मग आई त्यांच्या पाठीशी लोड सरकवून ठेवी, म्हणजे ते पुन्हा उताणे होऊ नयेत. रात्रीतून चार-पाच वेळा तरी हे चाले. ती स्वतः केव्हा झोपत होती, हा प्रश्न मला त्या वयात कधी पडला नाही.

1978 च्या पावसाळ्यात ताईचे पहिले बाळंतपण होते. तिची प्रकृती नाजूक असल्यामुळे तिला माहेरी आणता येईना, म्हणून आईच तिच्याकडे मिरजेला गेली. घरी अण्णा आणि सोळा वर्षांचा मी असे दोघेच होतो. आई गेल्याच्या सहाव्या रात्री अण्णा झोपेतच गेले. त्यांचे वय चौपन्न होते. डॉक्टरांनी हृदयक्रिया बंद पडल्याचा दाखला दिला, लोकांनी पुण्यवंताचे मरण म्हटले, आणि आईने त्यानंतर कधीही त्या रात्रीचा विषय काढला नाही.

मीही काढला नाही. माझ्या न काढण्याला मात्र एक कारण होते. ते पुढे येईल.

अण्णांची मान, हनुवटी आणि झोप या तिन्ही गोष्टी वारसाहक्काने माझ्याकडे आल्या. पैकी पहिल्या दोन आरशात दिसत. तिसरीचा दाखला फक्त पत्नीजवळ होता. "अहो, रात्री तुमचा श्वास थांबतो," असे ती मला कित्येक वर्षे सांगत होती. "श्वास थांबत असता तर सकाळी चहा मागायला मी उठलो असतो का?" असे मी तिला कित्येक वर्षे विचारीत होतो. असल्या उत्तरावर आपण फार हुशार आहोत असे वाटते, आणि प्रश्न तिथेच राहतो. सकाळी डोके जड असे. ते मी चष्म्यावर ढकलले. रात्री तीन-तीनदा लघवीला उठावे लागे; ते मी वयावर ढकलले. रक्तदाबाच्या गोळ्या एकाच्या दोन आणि दोनाच्या तीन झाल्या. ते मी मुलांवर आणि महागाईवर ढकलले. महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर तर दुपारी पेंगायला मोकळीकच मिळाली. निवृत्त माणसाला पेंग आली तर तिला आळस म्हणत नाहीत, विश्रांती म्हणतात.

हा सारा डोलारा एका दुपारी कोसळला. साताऱ्याहून पुण्याला परतत होतो. मोटार मी चालवीत होतो. पत्नी शेजारी होती आणि सात वर्षांची नात मागच्या आसनावर. रस्ता सरळ, ऊन मध्यम, पोटात सणाचे जेवण. पुढचे मला काहीच आठवत नाही; आठवते ती केवळ "आजोबा!" ही किंकाळी. डोळे उघडले तेव्हा गाडी दुभाजकाकडे सरकत होती. चाक वळवले, गाडी सावरली, कोणाला खरचटलेसुद्धा नाही. पण त्या किंकाळीने मला जे सांगितले ते पत्नीच्या इतक्या वर्षांच्या सांगण्याने सांगितले नव्हते. मी डोळे मिटले होते असे मला वाटतच नव्हते! झोपणाऱ्याला आपण झोपलो हे कळत नाही. हा विकार इतका धूर्त का, ते मला त्या क्षणी उमगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नीने चहाच्या कपाशेजारी आपला मोबाइल ठेवला. रात्री तिने माझे घोरणे त्यात मुद्रित करून घेतले होते. आयुष्यात प्रथमच मी स्वतःला झोपलेला ऐकत होतो. आवाज चढत गेला, टिपेला पोहोचला आणि एकाएकी तुटला. पडद्यावरचे सेकंद पुढे सरकत होते. दहा, वीस, तीस. बत्तिसाव्या सेकंदाला तो फुत्कार आला. माझ्या हातातला कप तसाच राहिला. तो आवाज माझा नव्हता. तो अण्णांचा होता. गाडी बोगद्यातून बाहेर पडली होती, सत्तेचाळीस वर्षांनी.

डॉक्टर तरुण होते आणि समजावून सांगण्याची त्यांना हौस होती. त्यांनी प्रथम माझ्यापुढे आठ प्रश्नांचा एक कागद ठेवला. बसून वाचताना, दूरचित्रवाणी पाहताना, जेवणानंतर स्वस्थ बसले असताना, वाहनांच्या गर्दीत गाडी क्षणभर थांबली असताना, अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याचा संभव किती, याला प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्यायचे. मेलबर्नच्या मरे जॉन्स या डॉक्टरांनी 1991 साली ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. चोवीसांपैकी दहांहून अधिक गुण मिळाले की पेंग नेहमीची नव्हे असे समजावे. मला सतरा मिळाले. परीक्षेत अधिक गुण मिळाल्याचे दुःख व्हावे असा हा माझ्या आयुष्यातला एकमेव पेपर!

मग त्यांनी घशाचे चित्र काढले. श्वासाच्या वाटेला वरच्या टोकाशी नाकाच्या हाडांचा आधार आहे आणि खाली श्वासनलिकेला कूर्चेची कडी आहेत. मधला घसा मात्र निव्वळ मांसाचा, मऊ आणि लवचीक. तो तसा असावाच लागतो. कारण त्याच वाटेने घास गिळायचा असतो आणि तिथेच शब्दाला आकार द्यायचा असतो. मनुष्याला वाचा मिळाली तेव्हा स्वरयंत्र घशात खाली उतरले आणि ही मऊ नळी अधिक लांब झाली, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे. ते खरे असेल तर घोरणे हे माणसाने बोलण्यासाठी मोजलेले मोलच म्हणावे लागेल. जागेपणी स्नायू ही नळी ताणून उघडी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात, जीभ मागे सरकते, पडजीभ आणि मऊ टाळू खाली येतात. वाट अरुंद झाली की तिथून जाणारी हवा भोवतीचे मांस थरथरवते, हे घोरणे. वाट पुरती मिटली की आवाज थांबतो. छाती आणि पोट हवा ओढण्यासाठी धडपडत असतात, पण दार बंद असते. रक्तातला प्राणवायू उतरत जातो, मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागा करतो, स्नायू ताठ होतात, दार उघडते आणि तो फुत्कार येतो. लगेच माणूस पुन्हा झोपतो, आणि पुन्हा दार मिटते. ही जाग इतकी क्षणिक असते की सकाळी तिचे स्मरणही राहत नाही.

याला वैद्यकात ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. ॲप्निया हा ग्रीक शब्द. अर्थ श्वासाचा अभाव. म्हणजे आम्ही मुले जिला गंमत समजत होतो ती शांतता हाच मुळी रोग होता, आणि ज्या गजराला हसत होतो ती सुटकेची खूण होती.

तपासणीच्या रात्री माझ्या डोक्याला तारा चिकटवल्या, नाकाशी नळी लावली, छातीला आणि पोटाला पट्टे बांधले आणि बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा अडकवला. या थाटात झोप लागणार कशी, हा माझा प्रश्न ओठांवर असतानाच मी झोपलो असे परिचारिकेने सकाळी सांगितले. श्वास दहा सेकंद किंवा अधिक काळ थांबला, अथवा पुरेसा मंदावला, की ती एक घटना धरतात. तासाला पाचांपासून पंधरांपर्यंत घटना झाल्या तर विकार सौम्य, तीसपर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. माझ्या घटना तासाला एक्केचाळीस भरल्या. साडेसहा तासांच्या झोपेत मी अडीचशेहून अधिक वेळा घुसमटलो होतो, आणि सकाळी उठून 'झोप छान लागली' असे म्हटले होते! प्राणवायूचे प्रमाण निरोगी माणसात पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते. माझे मध्यरात्रीनंतर चौऱ्याहत्तरपर्यंत उतरले होते.

या विकाराचा इतिहास त्याच्या लक्षणांइतकाच विनोदी आणि तितकाच करुण आहे. 1836 साली चार्ल्स डिकन्सची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तीत जो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. तो उभ्या उभ्या झोपतो आणि घोरतो. वाचक शंभर वर्षे त्याला हसले. 1956 साली अमेरिकेतील डॉक्टरांनी अशाच एका लठ्ठ, झोपाळू रोग्याचे वर्णन करताना त्याच्या विकाराला पिकविकचे नाव दिले. पण पेंगण्याचे खरे कारण त्यांच्याही हाती लागले नव्हते. 1965 साली फ्रान्समध्ये आणि जर्मनीत, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, संशोधकांनी अशा रोग्यांचा श्वास रात्रभर नोंदून पाहिला, तेव्हा हे मिटणारे दार प्रथम दिसले. सध्याचे नाव रूढ झाले ते 1976 च्या सुमारास, अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे गिलमिनो यांच्या कार्यामुळे. पण नाव मिळाले तरी उपाय एकच होता, आणि तो भयंकर होता. घशाखाली श्वासनलिकेला भोक पाडायचे. दिवसा ते बंद ठेवायचे आणि रात्री उघडायचे.

1980 साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांना एक साधी युक्ती सुचली. दार आतून मिटते. मग वाऱ्याच्या दाबाने ते उघडेच का धरू नये? व्हॅक्यूम क्लीनरची हवा उलट दिशेने फिरवून ती नळीने नाकात सोडायची, अशी पहिली ओबडधोबड योजना त्यांनी केली. गळ्याला भोक पाडण्याची वेळ आलेला एक रोगी त्या वाऱ्याखाली रात्रभर शांत झोपला. 1981 साली पाच रोग्यांवरील हा प्रयोग 'लॅन्सेट' साप्ताहिकात प्रसिद्ध झाला, आणि आज जगभर सीपॅप या नावाने चालते ते हेच यंत्र. त्यातून प्राणवायू मिळतो अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. तो आपल्या खोलीतलाच वारा असतो. मोडलेल्या हाडाला खपच्ची बांधतात तशी ती घशाला वाऱ्याची खपच्ची असते, इतकेच.

हे वाचताना माझे डोळे दोन आकड्यांवर खिळले होते. 1978 आणि 1980. अण्णा दोन वर्षे अगोदर गेले. अर्थात ते दोन नव्हे, वीस वर्षे अधिक जगले असते तरी ते यंत्र आमच्या तालुक्याच्या गावी पोहोचले नसते, हे मला कळते. पण आकडे शेजारी शेजारी आले की मन हिशेब मांडल्यावाचून राहत नाही.

यंत्राच्या पहिल्या पंधरवड्याबद्दल खोटे बोलणे मला शोभणार नाही. नाकावर मुखवटा, डोक्याभोवती पट्टे आणि पुढे लोंबणारी नळी अशा वेषात नातीने मला पाहिले आणि हात जोडून "गणपती बाप्पा मोरया!" अशी आरोळी दिली. मुखवट्याच्या कडेने वारा सुटे आणि डोळ्यांत जाई. तोंड कोरडे पडे. दोनदा मी झोपेतच सारे ओरबाडून फेकून दिले आणि सकाळी ते पलंगाखाली सापडले. पुष्कळ लोक याच पंधरवड्यात यंत्र कपाटात ठेवून देतात, आणि मग ते कपाट बरे होते, माणूस होत नाही. डॉक्टरांनी मुखवट्याचे माप बदलले, वाऱ्याला ओलावा देणारे भांडे जोडून दिले, आणि दिवसा वाचन करताना तो अर्धा तास लावून बसण्याची सवय करा असे सुचवले. निदान चार तास, आठवड्यातून बहुतेक रात्री, तो लावलाच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता.

आणि मग एक सकाळ अशी उगवली की मला जाग आली आणि क्षणभर काय हरवले आहे हे कळेना. हरवले होते ते डोक्याचे जडपण. रात्री एकदाही उठलो नव्हतो. एक स्वप्न पडले होते, आणि ते आठवतही होते. रक्तदाबाची एक गोळी पुढे डॉक्टरांनी कमी केली. मोटारीचे चाक मात्र त्यांनी अनुमती देईपर्यंत मी हाती धरले नाही.

या यंत्राने रोग बरा होतो असे मात्र नव्हे. चष्म्याने डोळे बरे होत नाहीत, पण नाकावर आहे तोवर दिसते. तशातलाच हा प्रकार. हृदयाच्या बाबतीतही अवास्तव आशा बाळगू नये. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या रोग्यांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाला. तीत यंत्र मिळालेल्यांची पेंग गेली आणि मनःस्थिती सुधारली, पण पुढचे झटके कमी झाल्याचे दिसले नाही. अर्थात त्या रोग्यांनी यंत्र रात्री सरासरी साडेतीन तासही लावले नव्हते. सौम्य विकारात खालचा जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी उपयोगी पडते. वजन उतरवणे, मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळणे, हे तर कोणालाही लागू. जिभेच्या मज्जातंतूला झोपेत चेतना देणारे छोटे यंत्र छातीत बसवण्यास अमेरिकेत 2014 साली मान्यता मिळाली, आणि 2024 च्या अखेरीस तिथेच वजन उतरवणाऱ्या एका औषधाला स्थूल रोग्यांच्या या विकारासाठी अनुमती मिळाली. पण केवळ लठ्ठांचाच हा रोग असे समजणे धोक्याचे आहे. जबडा लहान असला तर सडपातळ माणसालाही तो गाठतो. स्त्रियांमध्ये ऋतुनिवृत्तीनंतर तो वाढतो, आणि त्यांची तक्रार पुष्कळदा घोरण्याची नसून थकव्याची, डोकेदुखीची, झोप न लागण्याची असते. शिवाय बायकोच्या घोरण्याला साक्षीदार मिळावा कसा? नवरा आधीच घोरू लागलेला असतो!

"आणि उताणे झोपू नका," डॉक्टर शेवटी म्हणाले. "उताणे झोपल्यावर जीभ मागे पडते. काही लोक सदऱ्याच्या पाठीला टेनिसचा चेंडू शिवून घेतात, म्हणजे कुशीवरच राहावे लागते."

मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. तालुक्याच्या गावातली, चौथी इयत्ता शिकलेली माझी आई लोडाने जे करीत होती तेच हा पदवीधर मला सांगत होता.

त्या दिवशी, जागेवरून उठता उठता, मी त्यांना तो प्रश्न विचारला. बाजूला कोणी जागे असते, कुशीवर वळवणारे असते, तर माणूस वाचतो का? त्यांनी ताबडतोब उत्तर दिले नाही. मग म्हणाले की, एखाद्या श्वासरोधाने घुसमटून माणूस जाणे सहसा घडत नाही. शरीर स्वतःला जागे करतेच. अपाय होतो तो वर्षानुवर्षे, रक्तदाब वाढून, हृदयाची लय बिघडून. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, हा विकार असलेले जे लोक हृदय अकस्मात थांबून दगावले होते, त्यांतले जवळजवळ निम्मे मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात गेले होते. इतर लोकांच्या बाबतीत ती वेळ सर्वांत सुरक्षित असते. "पण तुमच्या वडिलांना हाच विकार होता की नाही, हे आज कोणीच सांगू शकणार नाही," असेही ते म्हणाले. ते प्रामाणिक होते, म्हणूनच त्यांचे बोलणे मला पटले.

आई आता नव्वदीला आली आहे आणि माझ्याकडेच असते. यंत्राचा डबा घरात आला त्याच्या दुसऱ्या महिन्यात एका रात्री ती काठी टेकत माझ्या खोलीत आली. तिला ते लावून दाखव म्हणाली. मी लावून दाखवले. वाऱ्याची बारीक सळसळ तिने कान देऊन ऐकली. मग पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "ह्यांचंही असंच होतं. मी मिरजेला जायला नको होतं."

सत्तेचाळीस वर्षे हे वाक्य तिच्या मनात होते. मी मुखवटा काढला आणि डॉक्टरांनी सांगितलेले सारे तिला सांगितले. हृदय एका रात्रीत थकत नाही. तू असतीस तरी काही करता आले असते असे नाही. ती ऐकत होती, पण तिचे समाधान झालेले दिसले नाही. आणि मग मी आजवर कोणालाही न सांगितलेली गोष्ट बोलून गेलो. त्या रात्री मी जागा होतो. दुसऱ्या दिवशी चाचणी परीक्षा होती आणि अण्णांच्या घोरण्याने मला झोप येत नव्हती. ते घोरणे थांबले ते मी ऐकले. गाडी बोगद्यात शिरली असे मी मनात म्हटले. ती बाहेर येण्याची मी वाट पाहिली नाही. 'बरे झाले, आता झोप लागेल,' एवढेच मला वाटले, आणि मी झोपलो.

आई बराच वेळ काही बोलली नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज तेवढा येत होता.

"सोळा वर्षांचं पोर तू," अखेर ती म्हणाली. "तुला काय कळणार होतं? मला तरी काय कळत होतं? कुशीवर वळवलं की आवाज थांबतो, एवढंच मला ठाऊक."

तिने माझ्या हातातला मुखवटा घेतला, पट्टे उलटसुलट करून पाहिले, आणि देवघरातल्या वस्तूसारखा उशीजवळ नीट ठेवला. उठताना दारापाशी थांबून तिने विचारले, "आणि वीज गेली तर काय करतोस रे?"

"कुशीवर वळतो," मी म्हणालो.

ती "बरं" म्हणाली आणि आपल्या खोलीकडे गेली. बऱ्याच वेळाने मी दिवा मालवला. शेजारी पत्नी झोपली होती. इतकी वर्षे माझा श्वास मोजत जागलेली ती बाई, आता माझ्या आधी झोपते, आणि अलीकडेच मला शोध लागला आहे की ती स्वतःही किंचित घोरते. मी मुखवटा न लावता काही वेळ तसाच कान देऊन पडून राहिलो. एक, दोन, तीन. मधे कुठे खंड पडत नव्हता. तरी मी शंभरापर्यंत मोजले, आणि मग कुशीवर वळलो.